कानाची सूज आणि महाधमनीची भिंत



वैद्यकावर बोलायचं असेल तर मधुमेह घ्या, गुडघे घ्या, सभागृह भरतं, असं मला दोघातिघांनी सुचवलं होतं. मी मात्र असा आजार निवडला आहे, जो इथे बसलेल्या बहुतेकांना कधीच होणार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका पाहणीत वर्षाला दहा लाख वस्तीमागे साडेतीन नवे रुग्ण निघाले. ब्रिटनमधल्या नोंदींत तर दहा लाखांमागे एकही पुरा भरत नाही. मग तासभर तुमचा वेळ का घ्यायचा? ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, त्यांची एक सवय होती. नवा रुग्ण कसलीही तक्रार घेऊन येवो, ते दोन्ही मनगटांच्या नाड्या एकाच वेळी पाहत आणि रक्तदाब दोन्ही हातांना मोजत. आम्ही तरुण पोरं मागे उभं राहून घड्याळाकडे बघायचो. आजचा आजार त्या सवयीची किंमत कळावी असा आहे, म्हणून तो घेतला.

रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस हे त्याचं नाव. शरीरात कूर्चा जिथे जिथे आहे, म्हणजे कान, नाक, स्वरयंत्र, श्वासनलिका, सांधे, बरगड्यांची टोकं, तिथे तिथे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच हल्ला करते. सूज येते, ओसरते, पुन्हा येते. सर्वांत जास्त वेळा सुरुवात कानापासून होते. एका रात्रीत कान लालजांभळा होतो, इतका दुखतो की त्या कुशीवर झोपता येत नाही. रुग्ण म्हणतो, काहीतरी चावलं. घरचे म्हणतात, गार वारा लागला. डॉक्टर जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचा कोर्स देतात. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक उतरते आणि श्रेय गोळ्यांना मिळतं. पुढच्या खेपेला दुसरा कान.

इथे एक खूण आहे, ती फुकटात दिसते. कानाच्या पाळीत कूर्चा नसते, म्हणून सगळा कान सुजला तरी पाळी तेवढी जशीच्या तशी राहते. जंतुसंसर्ग पाळी वगळून बाकीचा कान निवडत बसत नाही. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना याच्या नेमकं उलट चित्र पाठ होतं: कुष्ठरोगात पाळीच जाड होते. बसकं नाक दोन्ही आजारांत दिसतं, पाळी मात्र दोघांना वेगळं करते. आणि गंमत अशी की कुष्ठरोगावरचं डॅप्सोन हे औषध १९७०च्या दशकापासून सौम्य पॉलिकॉन्ड्रायटिसमध्येही वापरलं गेलं आहे.

आजाराची पहिली नोंद १९२३ सालची, प्रागमधली. रुडॉल्फ फॉन याक्श-वार्टेनहोर्स्ट या वैद्यकाच्या प्राध्यापकांकडे बत्तीस वर्षांचा एक तरुण आला. बिअर गाळण्याचा धंदा. ताप, सांधे, मग दोन्ही कान, मग नाकाचा दांडा खचलेला, ऐकू कमी येणं, चक्कर. नाकातला तुकडा काढून पाहिला तर कूर्चेचा मधला गर नाहीसा झालेला. त्यांनी त्याला पॉलिकॉन्ड्रोपॅथिया म्हटलं. आजचं नाव पीअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली दिलं. १९७६मध्ये मॅकअ‍ॅडम यांनी निदानासाठी सहा लक्षणं ठरवली: दोन्ही कानांची सूज, सांध्यांची सूज, नाकाची सूज, डोळ्यांचा दाह, श्वासमार्गाची सूज आणि आतल्या कानाचा बिघाड. सहापैकी तीन असतील तर निदान पक्कं.

या यादीत हृदय नाही. महाधमनी नाही. रक्तवाहिन्यांचा उल्लेखच नाही. पुढे मेयो क्लिनिकमधल्या मिशे यांनी १९८६मध्ये निकष सुधारले, त्यातही नाही. निकष कसे ठरवतात हे मला ठाऊक आहे. जे लवकर दिसतं आणि दुसऱ्या आजारांत सहसा सापडत नाही, ते निकषात जातं. रुग्णाला कशाने धोका आहे हे सांगणं निकषाचं कामच नव्हे. पण विद्यार्थी ती यादी म्हणजेच आजार समजून पाठ करतो, डॉक्टर झाल्यावर त्याच सहा ठिकाणी पाहतो आणि सातव्या ठिकाणी पाहायचं राहून जातं. श्वासमार्गाइतकीच भीती जिथली बाळगावी, ते ठिकाण हेच. मिशे यांच्याच ११२ रुग्णांच्या अभ्यासात मृत्यूच्या मोठ्या कारणांत जंतुसंसर्गाबरोबर रक्तवाहिन्यांचा दाह होता. श्वासमार्गामुळे झालेले मृत्यू दहापैकी एक. त्यांच्या निकषांना जागतिक मान्यता मिळाली. त्याच लेखातल्या या निरीक्षणाकडे तेवढं लक्ष गेलं नाही.

आता खरं कोडं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतातच. आजूबाजूच्या द्रवातून झिरपेल त्यावर ती जगते. मग जिच्यात रक्त फिरत नाही अशा ऊतीचा आजार रक्तवाहिन्यांवर उठतो तो कसा?

याच्या आसपास जाणारा एक प्रयोग मला फार आवडतो. न्यूयॉर्कमधले लुईस थॉमस सशांच्या शिरेत पपेन टोचत होते. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्या घरी पपईची फोड टाकतात, ती त्याच्याचसाठी. थॉमस यांचा शोध वेगळ्याच गोष्टीचा होता, पण टोचल्यावर काही तासांत सशांचे ताठ कान मान टाकून लोंबायला लागले. तीनचार दिवसांत ते पुन्हा उभे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना सुरुवातीला काहीच वावगं दिसलं नाही, कारण कूर्चा ही निष्क्रिय, मढ्यासारखी ऊती, तिच्यात काय घडणार, अशीच सर्वांची समजूत होती. काही वर्षांनी त्यांनी निरोगी सशाचा आणि पपेन टोचलेल्या सशाचा काप शेजारीशेजारी ठेवला, तेव्हा फरक दिसला: पेशी जागेवर होत्या, पण पेशींमधला गर विरघळला होता. १९५६मध्ये ते प्रसिद्ध झालं. कान उभा राहतो तो पेशींच्या बळावर नव्हे, त्यांच्यामधल्या गराच्या बळावर, हे त्यातून कळलं. तो गर म्हणजे पाणी धरून ठेवणारी लांबच लांब शर्करांची माळ लागलेली प्रथिनं. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट त्यातलीच एक शर्करा.

ही प्रथिनं फक्त कूर्चेत नाहीत. महाधमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात, लवचीक पडद्यांच्या दरम्यान तीच भरलेली असतात. हृदयाच्या झडपांत आहेत, डोळ्याच्या पांढऱ्या आवरणात आहेत. आजार जिथे जिथे जातो ती ठिकाणं या गराच्या नकाशावर बऱ्यापैकी जुळतात. या रुग्णांच्या महाधमनीचा काप पाहिला तर तोच प्रकार: गर आटलेला, लवचीक तंतूंचे तुकडे झालेले आणि आत शिरलेल्या दाहपेशी.

खुलासा इथे पुरा होतो असं मात्र नाही. साधारण एकतृतीयांश रुग्णांच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजनविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. ते कोलॅजन कूर्चेचं. प्रौढ महाधमनीचा सांगाडा मात्र पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचा असतो, म्हणजे या प्रतिपिंडांना तिथे मुख्य लक्ष्यच नाही. शिवाय ही प्रतिपिंडं आमवातातही असतात. दुसरी वाट महाधमनीच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याची. इतकी जाड नळी आतून वाहणाऱ्या रक्तावर पोसली जाऊ शकत नाही. तिच्या बाहेरच्या थरात बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. दाह त्या जाळ्यात शिरला की भिंतीचा मधला थर उपाशी राहतो. मला वाटतं दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि कुठल्या रुग्णात कोणती हे आपण आज ओळखू शकत नाही.

भिंत कमजोर झाली की पुढचं काम दाह करत नाही, दाब करतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, प्रत्येक ठोक्याला सत्तरेक मिलिलिटर रक्त, आणि तो पहिला धक्का महाधमनीच्या मुळाशी. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगवटा आला की हवा भरताना तोच फुगत जातो, बाकीची ट्यूब तशीच राहते, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. कारण व्यास वाढला की तेवढ्याच दाबाला भिंतीवरचा ताण वाढतो, आणि ताणाने व्यास आणखी वाढतो. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हा नियम शिकवतात. म्हणूनच या रुग्णांत रक्तदाब काबूत ठेवणं ही दुय्यम गोष्ट नाही.

मूळ रुंद झालं की महाधमनीच्या झडपेची तीन पानं एकमेकांना भेटत नाहीत. हृदयाने पुढे ढकललेल्या रक्तातलं काही परत येतं. शंभर रुग्णांत चार ते दहा जणांना ही गळती होते. ती लगेच होत नाही, बहुधा कान दुखायला लागल्यानंतर काही वर्षांनी होते, आणि डावं हृदय मोठं होत होत ती बरीच वर्षं पोटात घालतं. रुग्णाला दम लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो. छातीतली चढती महाधमनी आणि पोटातली महाधमनी, दोन्हीकडे फुगवटे येतात, कधी एकाच माणसात अनेक. महाधमनीच्या मुळालगतच हृदयाची विद्युतवाहिनी जाते. दाह तिथे पोचला तर वरच्या कप्प्यांचा ठोका खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाही आणि माणूस चक्कर येऊन पडतो. हा दाह वेळेत ओळखला आणि स्टेरॉइड दिलं तर काहींमध्ये वाट पुन्हा सुरू होते. नाही झाली तर पेसमेकर.

माझं आजचं मुख्य म्हणणं इथे आहे. कान शांत म्हणजे आजार शांत, असं या आजारात धरता येत नाही. औषध लागू पडतं, कानाचा रंग उतरतो, ईएसआर आणि सीआरपी या दाहाच्या रक्ततपासण्या नॉर्मल येतात, डोस कमी होतो, सगळे खूश असतात, आणि महाधमनी रुंदावत असते. असे रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात पुन्हा पुन्हा नोंदले गेले आहेत. एक तर दाह थांबला तरी तुटलेले लवचीक तंतू पुन्हा जोडले जात नाहीत, आणि लाप्लासचा नियम प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडचं ऐकत नाही. दुसरं म्हणजे भिंतीतला धुगधुगता दाह रक्ताच्या तपासणीत दिसेलच असं नाही. कान दिसतो, दुखतो, तक्रार करतो. महाधमनी यातलं काहीच करत नाही. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही दिसणाऱ्या अवयवावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतात. तो अंदाज इथे बांधू नये. हृदयाचा टूडी एको निदानाच्या दिवशी आणि त्यानंतर ठरावीक काळाने, साधारण दरवर्षी, करावा. शंका आली तर सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफीने पूर्ण महाधमनी पाहावी. पेट स्कॅनमध्ये भिंतीतला जिवंत दाहही उजळून दिसतो, पण तो खर्चिक आहे आणि प्रत्येकाला लागत नाही.

मोठ्या वाहिन्यांपैकी हातांना जाणाऱ्या धमन्या चिंचोळ्या झाल्या की चित्र थेट ताकायासूच्या आजारासारखं दिसतं. एका हाताची नाडी क्षीण, दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक. तो आजार मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८मध्ये डोळ्याच्या पडद्यावरून ओळखला, आणि आशियात तो तुलनेने जास्त दिसतो. म्हणून आपल्याकडे तरुण बाईच्या एका हाताची नाडी लागली नाही की ताकायासू आठवतो. आठवलाच पाहिजे. फक्त त्याच वेळी तिला विचारा, कान कधी सुजला होता का?

बारीक वाहिन्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे बहुतेक गोष्टी इतर वाहिनीदाहांसारख्याच आहेत: कातडीवर जांभळे ठिपके, क्वचित मूत्रपिंडाला इजा. रुग्णांपैकी सुमारे तीस टक्क्यांना या आजाराच्या जोडीला दुसरा एखादा स्वयंप्रतिकार आजार असतो, आणि त्यात वाहिनीदाह सर्वांत पुढे. बेशेटच्या आजाराशी याची इतकी सरमिसळ होते की तोंड आणि जननेंद्रियावरची व्रणं अधिक कूर्चेची सूज, अशा रुग्णांना १९८५मध्ये मॅजिक सिंड्रोम असं वेगळं नाव दिलं गेलं. एका बारीक धमनीसाठी मात्र थांबायला हवं. आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी एकटी असते, तिला शेजारची पर्यायी वाट नसते. ती बंद पडली की एकाएकी बहिरेपण येतं, सोबत गरगरणं आणि ओकाऱ्या. याच आजारात बाहेरच्या सुजेने कानाची वाट बंद होऊनही ऐकू कमी येतं, पण ते सूज उतरली की परत येतं. आतलं बहुधा येत नाही. अचानक बहिरेपण आलेल्या माणसाने सोमवारपर्यंत वाट पाहू नये.

आतापर्यंत धमन्यांचं बोललो. शिरांची गोष्ट आपल्याला २०२०मध्ये उलगडली, आणि तिने या आजाराची सगळी फाइल पुन्हा उघडायला लावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डेव्हिड बेक, पीटर ग्रेसन, डॅन कास्टनर आणि सहकारी यांनी उलटी वाट धरली. लक्षणांवरून जनुक शोधण्याऐवजी कारण न सापडलेल्या दाहाच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांची जनुकं वाचली आणि एकच बिघाड कोणाकोणात आहे ते पाहिलं. यूबीए१ नावाच्या एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात तो सापडला. त्या लेखातले रुग्ण २५, सगळे पुरुष, सगळे उतारवयातले. बिघाड जन्मजात नाही, अस्थिमज्जेतल्या पेशींत आयुष्याच्या उत्तरार्धात उपजलेला. आजाराला व्हेक्सास असं नाव पडलं. या पंचवीस जणांतल्या बहुसंख्यांवर आधी पॉलिकॉन्ड्रायटिसचं लेबल लागलेलं होतं. आणि चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना शिरांत रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या, पायात किंवा फुफ्फुसात.

म्हणजे ज्याला आपण एक आजार समजत होतो, त्यात निदान दोन आहेत. एकात श्वासनलिका आणि महाधमनी जपायची. दुसऱ्यात, म्हाताऱ्या पुरुषात, गुठळ्या आणि अस्थिमज्जा. जनुकतपासणी महाग आहे, पण कोणाची करावी हे सांगायला साधी सीबीसी पुरते. कान सुजलेला रुग्ण पुरुष असेल, तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, म्हणजे रिपोर्टवरचा एमसीव्ही, शंभराच्या वर असेल आणि प्लेटलेट दोन लाखांच्या खाली, तर व्हेक्सासची शंका घ्यावी. २०२१मध्ये फेराडा आणि सहकाऱ्यांनी हे तीन निकष तपासले, त्यांच्या पाहणीत एकही व्हेक्सास रुग्ण या चाळणीतून निसटला नाही. तीनशे-चारशे रुपयांचा कागद आहे हा, आणि तो बहुतेक रुग्णांच्या पिशवीत आधीच असतो. एमसीव्हीच्या ओळीकडे कोणी पाहत नाही, एवढंच. पुढे २०२३मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या समूहाची जनुकं तपासली, तेव्हा पन्नाशीपुढच्या पुरुषांत सुमारे चार हजारांमागे एकाला हा बिघाड निघाला. इतकंही दुर्मीळ नाही ते.

शस्त्रक्रियेबद्दल. लंडनचे ह्यू बेंटॉल यांनी १९६८मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया, ज्यात झडप आणि महाधमनीचं मूळ दोन्ही बदलून कृत्रिम नळी बसवतात, ती आज आपल्या मोठ्या शहरांत नेमाने होते. या रुग्णांत अडचण हाताच्या कौशल्याची नसते. सुजलेल्या, गर आटलेल्या ऊतीत टाके धरत नाहीत. नुसती झडप बदलली तर ती बसवलेल्या कड्यापासून सुटू शकते आणि कडेने रक्त गळायला लागतं. वर्षानुवर्षांच्या स्टेरॉइडने जखम भरायला वेळ लागतो ते वेगळंच. म्हणून, घाई करावीच लागली नाही तर, आधी दाह विझवायचा आणि मग टेबलावर घ्यायचं. अनेक शल्यविशारद नुसत्या झडपेपेक्षा मूळच बदलणं पसंत करतात, आणि मला ते पटतं. महाधमनी किती रुंद झाली की हात घालायचा? सर्वसाधारण रुग्णात साडेपाच सेंटिमीटर, मारफान सिंड्रोम या जन्मजात विकारात पाच. पॉलिकॉन्ड्रायटिससाठी वेगळा आकडा ठरवायला पुरेसे रुग्णच नाहीत. भिंत रोगट आहे हे आपल्याला माहीत असताना साडेपाचाची वाट पाहणं मला धाडसाचं वाटतं. नंतरही पहारा सुटत नाही, कारण उरलेली महाधमनी त्याच माणसाची असते.

औषधांचा पाढा वाचत नाही. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, महाधमनी गुंतली तर सायक्लोफॉस्फामाइड, अलीकडे इन्फ्लिक्सिमॅब आणि टोसिलिझुमॅब. दुर्मीळ आजार असल्याने यांपैकी कशाचीही मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नाही, सगळं अनुभवावर चाललंय. आपल्या देशात इन्फ्लिक्सिमॅबआधी दडलेल्या क्षयाची तपासणी टाळू नये. कान बरा करताना क्षय उठवला, असं होऊ नये.

आकडे सुधारले आहेत. मिशे यांच्या काळात निदानानंतर पाच वर्षांनी ७४ टक्के आणि दहा वर्षांनी ५५ टक्के रुग्ण हयात असत. फ्रान्समधल्या १४२ रुग्णांच्या २०१६च्या अभ्यासात दहा वर्षांचा आकडा नव्वदच्या घरात आहे. तिथे मृत्यूशी जोडलेल्या तीन गोष्टी निघाल्या: पुरुष असणं, हृदयातली विकृती आणि अस्थिमज्जेचा विकार. पहिली आणि तिसरी गोष्ट एकत्र वाचली की त्यांत व्हेक्सास दिसायला लागतो, जरी २०१६मध्ये ते नावही नव्हतं. दुसरी आपल्या हातातली.

निदानाला मात्र अजून उशीर होतो. १९९८च्या अमेरिकेतल्या पाहणीत लक्षण सुरू झाल्यापासून निदानापर्यंत सरासरी जवळपास तीन वर्षं गेली होती आणि एकतृतीयांश रुग्ण पाच किंवा अधिक डॉक्टरांच्या पायऱ्या चढले होते. कान एकाकडे, डोळे दुसऱ्याकडे, सांधे तिसऱ्याकडे, प्रत्येकाने आपापला भाग बरा केलेला. आपल्याकडे तालुक्याच्या गावात पाच तज्ज्ञ मुळात नसतात. तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरला मी यात कमी लेखत नाही. तोच एक माणूस असतो ज्याने कान, डोळा आणि सांधा तिन्ही पाहिलेले असतात.

तेव्हा सभागृहात बसलेल्या डॉक्टर मित्रांना विनंती. पाळी सोडून सुजलेला कान दुसऱ्यांदा दिसला की दोन्ही हातांचा रक्तदाब मोजा, स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या कडेने खाली आणि मग पोटावर ठेवा, सीबीसीतला एमसीव्ही वाचा आणि एकोची चिठ्ठी लिहा. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी पहिल्या एकोचा रिपोर्ट जपून ठेवावा, दर वर्षी नव्या रिपोर्टशेजारी ठेवून महाधमनीच्या रुंदीचा आकडा ताडून पाहावा, आणि तो वाढला असेल तर कान कितीही बरा असला तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावा.